लोंढा-कॅसलरॉकच्या कोळशावर चालणाऱ्या गाड्या: मदत हवी आहे

बेळगाव-खानापूर-लोंढा भागातल्या जुन्या मंडळींच्या मीटरगेज (एक मीटर रुंदीचे रूळ) गाड्यांच्या आठवणी लिहून घेतोय. फोटोतलं इंजिन ओळखणं सोपं: (दोन्ही बाजूंची मिळून) पुढे चार लहान चाकं, मग सहा मोठी म्हणजे बहुधा वायपी, पुढे दोनच लहान आणि मग आठ मोठी म्हणजे बहुधा वायजी (दोन्ही वाफेच्या इंजिनांचे प्रकार). अडतंय ते घाटात. कुळेहून कॅसलरॉकला चढताना ३७ फुटांना १ फूट चढ. ओल्या रुळावर चाकं घसरतात, म्हणून वाळू सोडायची, शिवाय जादा इंजिन. ते मागे कुठे जोडत, कुठे सोडत? पाणी कुठल्या स्टेशनात भरत? बोगद्याआधी खिडक्या लावायला कोण सांगायचं (डोळ्यात कोळशाची कणी गेली की संपलंच)? घरात कुणी फायरमन, गार्ड असतील तर विचारा. स्टेशन आणि अंदाजे साल हवंच, नुसतं ‘लई मजा यायची’ नको.