फिशरीजच्या पोरांना भाषणं पुरे, बोटीवर जागा द्या. पटतंय का?

बेतीकार
गोव्यातली बरीच पोरं मत्स्यशास्त्रात मास्टर्स करायला रत्नागिरी नाहीतर मंगळूर नाहीतर मुंबईचं सीआयएफई (केंद्राची मत्स्यशिक्षण संस्था) गाठतात आणि प्रबंधाच्या कामाला परत इथेच येतात, कारण घर इथे, ओळखी इथे. आता आपण बाहेरची धंद्यातली माणसं, म्हणजे बोटवाले, एक्स्पोर्टवाले, बर्फवाले, जाळीवाले, त्यांच्यासाठी काय करतो? वर्षातून एकदा बोलावलं की जायचं, तासभर बोलायचं, शाल, नारळ, फोटो. झालं योगदान.

माझं म्हणणं, भाषण राहू दे, बोटीवर एक जागा द्या. मालिमच्या मासेमारी जेटीला पहाटे पोर मोजपट्टी घेऊन उभं असतं, बांगडा उतरतो, लिलाव पुकारला, क्रेट टेंपोत, टेंपो गेला पण. दहावीस मासे मोजून होताहेत तोवर कोणीतरी ओरडतो, ए बाजूला हो रे. आणि मोजलं ते तरी काय, तर निवडून आणलेलं. जे खपत नाहीत ते बारीकसारीक मासे दर्यातच परत फेकून आलेले असतात, ते जेटीवर कुठून दिसणार? केरळने २०१५ मध्ये किमान आकार ठरवला, बांगडा १४ सेंमी, तारली १० सेंमी. आपल्याकडे असलं काही धड करायचं तर आपल्या पाण्यातला मासा केवढा झाला की गाभोळी धरतो ते कळायला हवं, ते पोट फाडल्याशिवाय कळत नाही, आणि फाडायचा तर मासा आधी विकत घ्यावा लागतो. स्टायपेंडमधून दर आठवड्याला इसवणासारखा महाग मासा घेऊन बघा.

कुंकळ्ळी_क्यूसी
भाषणांना एवढी नावं ठेवू नका हो. पोरांना हॅसॅपचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या नियमांचे, मुद्दे तोंडपाठ असतात पण एक्स्पोर्टचा कंटेनर परत आला तर पहिला कागद कुठला उघडायचा ते माहीत नसतं. ट्रॉलरच्या जाळ्यातून कासव बाहेर पडायची ती टेड नावाची जाळी, तिची आकृती परीक्षेत काढतात, पण ती नीट वापरली जात नाही म्हणून २०१९ पासून आपल्या दर्यातल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, अमेरिकेचा बाजार बंद झाला, मोरजी नि गालजीबागला कासवं अंडी घालतात त्याचा आपल्या धंद्याशी संबंध काय, हे कोण सांगणार? आम्ही कारखान्यात माल तपासणारेच ना? आणि एकदाच भाषण कशाला, यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस काढलंय, म्हणजे धंद्यातल्या माणसाने कॉलेजात शिकवायचं पद. १५ वर्षांचा अनुभव हवा, पदवीची सक्ती नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात. अख्खं सेमिस्टर शिकवता येतं त्यात.

दर्याचो_पूत
पदवीची सक्ती नाही? मग आमचा तांडेल, बोट चालवणारा, बसतो की नियमात. पाण्याचा रंग बघून जाळं टाकायचं की नाही ते सांगतो. करा त्याला प्रोफेसर. पण नाही, त्या खुर्चीवर रिटायर झालेले साहेबच जाणार, लिहून घ्या.

कुंकळ्ळी_क्यूसी
तांडेलाला कोण नको म्हणतंय बाबा.

सासष्टीची_बाय
मला या सगळ्याचीच धास्ती वाटते. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, रस्त्यावर उतरले म्हणून १९८० चा कायदा झाला, किनाऱ्याजवळचं पाणी छोट्यांसाठी राखलं गेलं. आता बोटवाले आणि एक्स्पोर्टवालेच जर विद्यापीठाला जागा, पैसा, मासळी पुरवणार असतील तर पोरं प्रश्न कुठले विचारणार? एलईडीचे दिवे लावून मासे ओढून घेणारी मासेमारी केंद्राने २०१७ लाच बंद केली, तरी त्यावर प्रबंध करायला कुठला मालक बोटीवर घेईल सांगा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने एका कारखान्यात फिशमीलसाठी, म्हणजे माशांच्या भुकटीसाठी, कुठली नि केवढी मासळी येते ते रोज टिपलं, आणि काम संपत आलं तेव्हा निरोप आला, हे छापायचं नाही. गाइड गप्प. मुलीचं वर्ष वाया.

आणि तज्ज्ञ म्हणजे बोटमालकच का? मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळं लावणारा, खाडीत तिसऱ्यो (शिंपल्या) काढणाऱ्या बायका, मार्केटात मासे कापून देणारी, हे कोणाच्या यादीतच नाहीत. माशाच्या डोक्यात कानाचा खडा असतो, त्यावरच्या वलयांवरून वय काढायचा प्रयत्न करतात. अख्खी चणक (मोठा मासा) विकत कशाला घ्यायची, कापणारीशी बोलून ठेवा, ज्या गिऱ्हाइकाला डोकं नको असतं ते तुमच्यासाठी बाजूला ठेवेल, फक्त लांबी कापायच्या आधी मोजून घ्यायची. याला कुठला एमओयू लागतो?

बेतीकार
डोक्यांचं एकदम बरोबर. छापू न देण्याचं म्हणाल तर मी कागदावर आधीच लिहून घेईन: बोटीचं नाव, कंपनीचं नाव झाकायचं तर झाका, निष्कर्षाला हात लावायचा नाही. बोटीवर पाय ठेवायच्या आधी सही, एक प्रत विभागाकडे.

सासष्टीची_बाय
सही करणारे मालक किती मिळतात ते आधी बघा. आणि सही करूनही ज्या रात्री विद्यार्थी बोटीवर त्या रात्री सगळं कायद्याने होणार, दुसऱ्या रात्री काय होतं ते कोण मोजणार?

खारीवाडा_ट्रॉलर
सगळे माझ्या बोटीवर बसून गप्पा मारताय म्हणून सांगतो. फेरीत डिझेल, बर्फ, रेशन माझं, खलाशी ओडिशा झारखंडचे, त्यांना मीच आणायचं. त्यात एक शिकाऊ पोर. ओकून आडवं पडलं तर फेरी सोडून परत येऊ? पाण्यात पडलं तर पोलीस विद्यापीठाच्या दारात जाणार नाहीत, माझ्या दारात येणार. बोटीवर संडास नाही, मुलगी आली तर काय करू ते सांगा. आणि माझे जीपीएसचे पॉइंट, ते मी सख्ख्या भावाला देत नाही, ते प्रबंधात छापून सगळ्या मालिमला वाटू?

एमएससी_दुसरं_वर्ष
दादा, मुलगी आली तर काय, ते मुलीला विचारा ना. सगळ्यांना आठवड्याच्या फेरीवर यायचंय असं नाही, पहाटे जाऊन दुपारी परत येणारी होडी चालते, रांपण तर वाळूवरच ओढतात. पॉइंट नकोत तुमचे, किती वाव खोल पाण्यात जाळं ओढलं, किती वाजता टाकलं, किती वाजता काढलं, बस. आणि निवडायच्या आधी एक टोपली न निवडलेली बाजूला ठेवा, तेवढ्यावर महिनाभराचं काम निघतं.

क्यूसी सर, तुम्हाला वेगळं. २०१८ ला मासा टिकवायला फॉर्मेलिन, म्हणजे पाण्यातलं फॉर्माल्डिहाइड, लावतात म्हणून गोंधळ झाला, लोकांनी मासे खायचं सोडलं, सीआयएफटी या केंद्राच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या कागदी पट्ट्यांनी तपासणी झाली. पण बोंबलासारख्या माशात साठवणीत आपोआप थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं, वरून काहीही न घालता. कुठल्या माशात, बर्फावर कितव्या दिवशी, किती, हे आपल्या मासळीसाठी नीट मांडायला पकडल्याची वेळ पक्की माहीत असलेला मासा लागतो आणि चांगलं मशीन लागतं. मासा दादांकडे आहे, मशीन तुमच्याकडे. आम्ही दोन्हीकडे ईमेल पाठवून बसतो. भाषणापेक्षा मशीनचा एक तास द्या.

कुंकळ्ळी_क्यूसी
मशीनला बाहेरच्याने हात लावला तर ऑडिटला मी अडकतो. सॅम्पल नंबर टाकून द्या, आमची माणसं चालवतील, पण उत्तर कंपनीच्या कागदावर मिळणार नाही, साध्या कागदावर मिळेल. आणि मालकाला विचारावं लागेल, तो फॉर्मेलिन शब्द ऐकला की फोन ठेवतो.

सासष्टीची_बाय
बघा, पहिल्याच पायरीला साधा कागद.

बेतीकार
साधा तर साधा, पण पद्धत आणि तारीख त्यावर असली पाहिजे, नाहीतर परीक्षक फेकून देईल.

खारीवाडा_ट्रॉलर
पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. पहिल्या फेऱ्यांना कोणी येऊ नका, सगळ्यांची डोकी फिरलेली असतात. चवथ झाल्यावर बघू. लाइफ जॅकेट आहे, विमा कॉलेजने काढायचा, टोपली फुकट, वाव सांगेन. त्या सहीच्या कागदाचं वकिलाला दाखवून सांगतो, आत्ता हो म्हणत नाही.

दर्याचो_पूत
आणि एमएससीवाल्या बाय, ओकारीची गोळी बोट सुटायच्या आधी घे. बोट सुटल्यावर घेतलेली गोळी माशांनाच जाते.