मदत हवी आहे: घरी भरदार वाटणारे डिस्टॉर्शन बँडसोबत वाजवताना हरवते

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. आम्हा चौघांचा छोटा बँड आहे आणि दर रविवारी ड्रम वाजवणाऱ्या मित्राच्या घरी, मागच्या पडवीत, आमचा सराव चालतो. चवथीच्या दिवसांत गावच्या कार्यक्रमात वाजवायचे ठरले आहे. गिटारच्या आवाजाची अडचण मात्र तीन महिने झाले तरी सुटलेली नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे, एकाच वेटोळ्याचे भाग) आहे. अ‍ॅम्प १५ वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) असून त्याला आठ इंची स्पीकर आहे, आणि या दोहोंमध्ये एक डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाटका करणारे, पायाने चालवायचे यंत्र) जोडलेले असते. घरी मी रात्री, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतक्या हळू आवाजात वाजवतो. त्या वेळी पेडलचा गेन (डिस्टॉर्शन किती हे ठरवणारे बटण) जवळजवळ शेवटपर्यंत, अ‍ॅम्पचे बास आणि ट्रेबल बरेच वर आणि मिडल शून्याच्या आसपास ठेवले, की खालच्या ई तारेवर तळहाताची कड टेकवून मारलेला पाम म्यूट अगदी मनासारखा घुमतो. रविवारी ड्रम आणि बास सुरू झाले की हाच आवाज नाहीसा होतो. अ‍ॅम्प वाढवला तर नुसती खरखर वाढते, आणि पॉवर कॉर्डमध्ये (मूळ स्वर आणि पंचम एवढ्याच जोडीत) तिसरा स्वर मिसळला की कोणता कॉर्ड वाजतो आहे हे शेजारी उभ्या असलेल्या बासवाल्यालाही कळत नाही.

गेल्या रविवारी पिक हातातून निसटले म्हणून मी खाली बसलो आणि माझा कान पहिल्यांदाच स्पीकरच्या थेट समोर आला. तिथे गांधीलमाश्यांचे पोळे फुटल्यासारखा कर्कश आवाज होता. उभा राहिलो की तोच आवाज गुबगुबीत आणि दबलेला वाटत होता. अ‍ॅम्प जमिनीवर, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. मग इतके दिवस मी नेमका कोणता आवाज ऐकून बटणे फिरवत होतो, असा प्रश्न पडला.

डिस्टॉर्शन म्हणजे तरंगाचा माथा आणि तळ कापला जाणे, त्यातून नवे उपस्वर तयार होणे आणि मोठ्या-लहान आवाजांतले अंतर मिटत जाणे, एवढे मला समजले आहे. हंबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार घ्यावी, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घ्यावा, की आहे त्याच सामानातून हे साधेल? शिवाय गिटार सतत गुणगुणते. मी जागेवर वळलो की गुणगुण कमी-जास्त होते आणि घरी पंख्याचा रेग्युलेटर मधल्या टप्प्यावर असला की भणभण असह्य होते.

प्रतिसाद

तूर्तास काहीही विकत घेऊ नका. तुमचा प्रश्न मुख्यतः मिडलचा आहे. गिटारची खालची ई तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, बासची ई ४१ हर्ट्झवर. म्हणजे तळाची जागा बास आणि किक ड्रमने आधीच व्यापलेली असते, तर वरची जागा झांजांनी. गिटारला उरतो तो मधला पट्टा, आणि नेमका तोच तुम्ही रिकामा करून ठेवला आहे. घरी ते खटकत नाही, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात आणि आपण नकळत ती भर घालतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये कानाचा हा स्वभाव मोजून दाखवला होता. म्हणून रात्री लावलेली बटणे रविवारी चालणार नाहीत. ती ड्रम सुरू असतानाच लावावी लागतात.

अ‍ॅम्प स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे आणि कानाकडे किंचित तिरका ठेवा. स्पीकरमधले तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात, तर जमीन आणि भिंत खर्ज वाढवतात, त्यामुळे उभ्याने तुम्हाला खोटे चित्र मिळत होते. गेन निम्म्यावर आणा, मिडल सातवर, बास चारच्या खाली. गेन जितका जास्त तितका पिकचा आघात पुसला जातो, आणि तिसऱ्या स्वराचा चिखलही त्यामुळेच होतो: स्वर एकमेकांत मिसळून बेरीज-वजाबाकीचे नको ते स्वर तयार होतात. सराव फोनवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, रेकॉर्ड करा आणि निर्णय त्यावरून घ्या.

गुणगुण सिंगल कॉइलची आहे. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत हंबकर तयार केला, त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला, तो याच कारणासाठी: दोन कॉइल अशा जोडायच्या की तारांचा आवाज बेरजेत येतो आणि गुणगुण एकमेकींना खोडते. तुमच्या गिटारचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी हाच लाभ फुकट मिळेल. आधी ते तपासा. पंखा सरावापुरता पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणीही काढू नका. एका हाताने तारा धरून माइकला ओठ लावल्यावर झटका बसू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. या रविवारी तुम्ही सांगितले तसे सगळे केले. एकट्याने वाजवताना आवाज कोरडा, थोडा नाकातला वाटला आणि माझे मन खट्टू झाले, पण ड्रम सुरू होताच गिटार पुढे आली आणि बासवाल्याने मान डोलावून मला तिसऱ्या स्वरासकट कॉर्डचे नाव सांगितले. स्विचच्या चौथ्या जागी गुणगुण जवळजवळ थांबते. दुसऱ्या जागीही तसेच.

आता एकच अडचण उरली आहे. गेन उतरवल्यामुळे बाराव्या पडद्याच्या वर एकल वाजवताना स्वर फार लवकर विझतो. ट्यूब स्क्रीमर धाटणीचे ओव्हरड्राइव्ह, जे खर्ज कापून ७२० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा उचलते, ते माझ्या पेडलच्या आधी, ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवून जोडावे, की पेडलच्या नंतर साधे बूस्ट (फक्त आवाज वाढवणारे पेडल) लावावे? आधी जोडल्यास तिसऱ्या स्वराची आत्ता मिळालेली स्पष्टता पुन्हा जाईल, अशी भीती वाटते. कुणी दोन्ही करून पाहिले असेल तर बटणांच्या जागांसह सांगावे.