‘लिनक्स’ की ‘लायनक्स’? मुक्तस्रोत प्रणालींची नावे देवनागरीत कशी लिहावीत?

अक्षरपट्टी:
शिक्षकांसाठी मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रणालींची ओळख करून देणारी एक मराठी पुस्तिका लिहीत आहे. रोमन लिपीत नाव उतरवले की उच्चाराचा भार वाचकावर टाकता येतो. देवनागरीत मात्र पहिल्याच अक्षरापाशी निर्णय करावा लागतो. खर्डा तिघांनी तपासला आणि एकाच पानावर Linux या संगणक कार्यप्रणालीच्या नावाची ‘लिनक्स’, ‘लायनक्स’ आणि ‘लीनुक्स’ अशी तीन रूपे जमा झाली. कोणता निकष लावावा?

जुना_टंक:
निर्माता स्वतः काय म्हणतो, हाच निकष. लिनस टोरवाल्ड्स यांनी हे नाव स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे आणि त्यात ‘लाय’ कुठेही ऐकू येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद घालण्यात अर्थ नाही. रूढ ‘लिनक्स’ ठेवावे. मात्र GNU या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नाव ‘जीएनयू’ असे कृपया लिहू नका. ‘ग’ आणि ‘न’ यांच्यामध्ये स्वर न आणता ते एका दमात म्हणावे, असे त्या प्रकल्पाचेच सांगणे आहे. इंग्रजीत त्या नावाच्या प्राण्याचा उच्चार करताना ‘ग’ गिळला जातो, म्हणून तिकडे हे सांगावे लागते. ‘लग्न’ आणि ‘अग्नी’ म्हणणाऱ्यांना ‘ग्नू’ जड जाऊ नये.

रेवा_पुणे:
निकष मान्य, पण तो सगळीकडे सुखाने लागू होत नाही. डोनाल्ड कनुथ यांच्या अक्षरजुळणी प्रणालीच्या नावातले (TeX) शेवटचे अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, त्यामुळे ‘टेक्स’ चुकीचे ठरते. पण तो घशातला घर्षक ध्वनी मराठीत नसल्याने ‘टेक’वर भागवावे लागते. पोस्टग्रेस (PostgreSQL) या डेटाबेस प्रणालीची अडचण आणखी मजेशीर आहे. ‘इंग्रेस’ या आधीच्या डेटाबेसनंतरचे म्हणून बर्कलीत 1986 मध्ये ‘पोस्टग्रेस’ आले आणि 1996 मध्ये त्याच्या नावाला एसक्यूएल (SQL, डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा) जोडताना एकच ‘एस’ दोन्ही शब्दांत वाटून घेतला गेला. त्यामुळे ‘पोस्टग्रेसएसक्यूएल’ लिहिणारे एक ‘एस’ पदरचा घालतात. प्रकल्पाचा उच्चार ‘पोस्टग्रेस-क्यू-एल’ असा आहे आणि नुसते ‘पोस्टग्रेस’ही त्यांना चालते.

जुना_टंक:
मग ‘मायएसक्यूएल’ (MySQL) या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीचेही पाहा. त्यातले ‘माय’ हे निर्माते मोंटी विडेनियस यांच्या मुलीचे नाव. मराठी वाचकाला मात्र तिथे आईच दिसणार.

अक्षरपट्टी:
आभारी आहे. ‘लिनक्स’, ‘ग्नू’ आणि ‘पोस्टग्रेस’ पक्के केले. ‘टेक’ पहिल्यांदा येईल तिथे ग्रीक अक्षराविषयी एक तळटीप देतो, नाहीतर मुद्रितशोधक त्यापुढे हमखास ‘स’ जोडतील.