मदत हवी आहे: तीन कम्युनिटी कॉलेजांतील जीआयएस अभ्यासक्रमांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. मी अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारे कॉलेज) जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि स्थानविषयक माहिती हाताळणारी भौगोलिक माहिती प्रणाली, शिकवते. शेजारच्या दोन कॉलेजांसह प्राथमिक अभ्यासक्रमांचा मेळ घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे, म्हणजे एका ठिकाणी मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे ग्राह्य धरले जाईल आणि विद्यार्थ्याला तोच विषय पुन्हा पैसे भरून शिकावा लागणार नाही.

अमेरिकेच्या श्रम विभागाने २०१० साली प्रसिद्ध केलेला या क्षेत्रातील कौशल्यांचा आराखडा आम्ही पायाभूत मानला आहे. परंतु खरी अडचण बारकाव्यांत आहे. मागच्या सत्रात शेजारच्या कॉलेजातून आलेल्या एका मुलीने नोंदवलेली मॅनहोलची झाकणे आमच्या नकाशावर सुमारे ४ फूट सरकलेली दिसली. तिची मोजणी अचूक होती. तिकडे आंतरराष्ट्रीय फूट वापरतात आणि आमच्याकडे जुना सर्वेक्षण फूट (अमेरिकेत जमीन मोजणीसाठी वापरला जाणारा, किंचित मोठा फूट) चालू होता. दोहोंत फरक दहा लाखांत २ इतकाच, पण सहनिर्देशक (नकाशाच्या मूळ बिंदूपासूनची अंतरे) २० लाख फुटांच्या घरात असले की तो असा उघडा पडतो. नव्या कामासाठी सर्वेक्षण फूट २०२२ अखेर बाद झाला आहे, त्यामुळे बदल आम्हीच करायला हवा, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात एका विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालये एकच अभ्यासक्रम शिकवतात. ज्यांनी तिथे भूगोलाच्या अभ्यास मंडळावर काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: प्रात्यक्षिकांचा डेटा आणि मूल्यमापनाचे निकष सर्वांसाठी समान ठेवता का, आणि मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोण घेते?