बीबीसी मायक्रो नुसता बूऽऽ वाजून राहिलाय, मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आई इथे महालातल्या एका शाळेत गणित शिकवायची. १९८४ मध्ये सरकारने शाळाशाळांत कॉम्प्युटर शिकवायचा क्लास प्रकल्प सुरू केला ना, त्यातला बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर त्यांच्याकडे होता आणि तो शिकवायचं काम आईकडे आलं. पुढे शाळेने ते सगळं भंगारात काढलं तेव्हा आईने पैसे भरून एक घरी आणला, तेव्हापासून माळ्यावर होता, दिवाळीच्या साफसफाईत मी खाली काढला.

पहिल्यांदा चालू केला तर पाच मिनिटांत पॉवर सप्लायमधून पांढरा धूर, घरभर वास. उघडून पाहिलं तर मेनवरचा (घरच्या विजेच्या लाइनवरचा) पिवळा पारदर्शक कपॅसिटर फुटलेला. त्याच्या आत कागद असतो, वरच्या आवरणाला बारीक चिरा पडल्या की वर्षानुवर्षं दमट हवा आत जाते आणि २३० व्होल्ट मिळाले की असा जातो. बर्डीच्या बाजारातून ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेनवर चालणारा कपॅसिटर) आणून बदलला, जोडीचा ०.०१ वालाही बदलला. आता धूर नाही, ५ व्होल्ट नीट येतात.

पण आधी बू आणि मग बीप असं व्हायला पाहिजे तर नुसता बूऽऽ सुरू होतो आणि थांबतच नाही, स्क्रीनवर आडव्यातिडव्या रेषा. साउंड चिप गेली का? आई सत्तरीची आहे, रोज विचारते झाला का म्हणून. प्लीज सांगा कुठून सुरू करू.

प्रतिसाद:
भाऊ, साउंड चिपला हात लावू नका, ती चांगली आहे म्हणून तर वाजते. ७६४८९ ला, म्हणजे त्या साउंड चिपला, पॉवर मिळाली की ती आपोआप वाजायला लागते, मग ६५०२ हा प्रोसेसर जागा होतो, ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) तिला गप्प करते आणि स्वतःची बीप देते. तुमची ओएस सुरूच होत नाहीये. ६५०२ च्या ४० नंबरच्या पायावर रिसेट सिग्नल असतो, मशीन चालू केल्यावर त्याचा व्होल्टेज वर जातो का मीटरने बघा. जात असेल तर आयसी ५१ म्हणजे ओएसचा रॉम (ज्यात ओएस कायमची लिहिलेली असते ती चिप) हळूच काढा, पाय साफ करा, परत नीट दाबून बसवा. चिपवरची खाच कुठल्या बाजूला आहे त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

धागाकर्ता:
खूप खूप आभार!! रिसेट बरोबर होता. आयसी ५१ चे पाय पार काळे पडले होते, खोडरबराने घासून बसवला आणि बू-बीप!! आई स्वयंपाकघरातून आवाज ऐकूनच धावत आली. स्क्रीनवर बीबीसी कॉम्प्युटर ३२के आलं पण खाली लँग्वेज? असं विचारतो, म्हणजे बेसिक या प्रोग्रामिंग लँग्वेजचा रॉम त्याला सापडत नाहीये. तो आयसी ५२ मध्ये आहे, त्याचा एक पाय साफ करताना मुळातूनच तुटला. १६ केबीचा आहे म्हणजे २७१२८ ईप्रॉमवर (पुसून परत लिहिता येणारी रॉम चिप) लिहिता येईल, चिप मी आणतो. नागपुरात कोणाकडे ईप्रॉम प्रोग्रामर आहे का? कामठी, हिंगणा कुठेही येतो, आईलाही सोबत घेऊन येईन.