क्रेडिट कार्ड वापरायला लागल्यापासून महिन्याचा हिशेब जुळत नाही

काटकसर
घरखर्च एक्सेलमध्ये लिहितो. रकाने चार: तारीख, तपशील, वर्ग, रक्कम. कार्डावरची खरेदी त्याच दिवशी टाकतो, बिल भरलं की त्याचीही नोंद करतो. एटीएममधून काढलेली रोख 'इतर'मध्ये, आणि रोखीचे खर्च वेगळे. बचतीसाठी दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसेही खर्चातच धरतो. महिनाअखेर शीटमधली शिल्लक बँकेपेक्षा बरीच कमी येते. चुकतंय कुठे?

खतावणी
दोन ठिकाणी दुबार नोंद होतेय. कार्डाचा खर्च खरेदीच्या दिवशीच झाला; बिल भरणं म्हणजे उधारी फेडणं. एटीएमचंही तेच, पैसे बँकेतून खिशात आले, खर्च झाले नाहीत. बचतीला वळवलेल्या पैशांमुळे मूळ बँक खात्याची शिल्लक चुकत नाही, पण खर्चाचा आकडा फुगतो.

'खाते' हा पाचवा रकाना घाला: बँक, बचत, कार्ड, रोख. आपल्याच दोन खात्यांत पैसे फिरले की वर्ग 'हस्तांतरण' आणि ओळी दोन: बँक −५,०००, कार्ड +५,०००. या वर्गाची एकूण बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली तर बहुधा एक ओळ राहिली आहे. खर्चाची बेरीज सम-इफ्सने (SUMIFS, अटीनुसार बेरीज करणारं एक्सेलचं सूत्र) घ्या आणि त्यात हा वर्ग धरू नका. कार्डाची शिल्लक उणे दिसेल. घाबरू नका, ते तुमचं देणं आहे. कार्डावरचं व्याज आणि दंड मात्र खराखुरा खर्च. वस्तू परत करून आलेले पैसे मूळ वर्गातच अधिक करून टाका, उत्पन्नात नको.

ताळेबंद
वरचं केल्यावरही फरक उरला तर प्रत्येक खातं वेगळं जुळवा: आरंभीची शिल्लक + जमा − नावे (गेलेले पैसे) = अखेरची शिल्लक. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी उलटसुलट झालेले आकडे शोधा. ५४० च्या जागी ४५० पडले की फरक बरोबर ९० येतो. नाहीतर फरकाच्या निम्म्या रकमेची ओळ बघा, अधिक-उणे चुकलेलं असतं. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांचे व्यवहार बँकेत उशिरा उमटतात, ती चूक नव्हे.

काटकसर
धन्यवाद! बँकेची सीएसव्ही (व्यवहारांच्या यादीची फाइल) शीटमध्ये चिकटवली, पण बेरीज शून्य येतेय.

खतावणी
आकडे मजकूर म्हणून आलेत. सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतील. स्वल्पविराम, चलनाचं चिन्ह आणि मोकळ्या जागा 'फाइंड अँड रिप्लेस'ने काढा. तारखाही तपासा: एक्सेल महिना आधी वाचत असेल तर ०३/०४ मध्ये दिवस-महिन्याची अदलाबदल गुपचूप होते, आणि १२ च्या पुढचा दिवस असलेल्या तारखा मजकूरच राहतात. फिल्टर लावून डोळ्यांखालून घाला.

ताळेबंद
कर्जाच्या हप्त्यातही हीच गल्लत होते. काटेकोरपणे फक्त व्याज खर्च, मुद्दल म्हणजे देणं कमी होणं. पण महिन्याचं अंदाजपत्रक करताना पूर्ण हप्ताच धरा, खिशातून तेवढे जातातच. वर्षातून एकदा येणारा विम्याचा हप्ता १२ ने भागून दरमहा बाजूला काढा, तोही हस्तांतरण म्हणून. प्रत्यक्ष भरल्यावर खर्चात. आणि वर्ग दहा-बारापेक्षा जास्त करू नका, पंचवीस केले की अर्ध्या नोंदी 'इतर'मध्ये जातात.