हफ्सनंतर वर्श शिकायचीय: रेकॉर्डिंगवरून जमेल का?

शाहूपुरीकर
सलाम. कुरआन म्हणण्याच्या हफ्सच्या रिवायतीत (पठणपरंपरेत) तजवीद, म्हणजे उच्चाराचे नियम, पूर्ण झालीय, आता वर्शची रिवायत धरायचीय. कारी (कुरआनपाठक) हुसरींचं वर्शचं रेकॉर्डिंग लावून मागोमाग म्हटलं तर चालेल का? घरच्या पंधरा ओळींच्या मुसहफवरच (कुरआनच्या प्रतीवर) पेन्सिलीने खुणा केल्या तर? की थेट सबआच, म्हणजे सातही इमामांच्या किराती (पठणपद्धती), घ्यावं? शिकणार कोल्हापुरातूनच, ऑनलाइन.

हमजतुल_वस्ल
सबआ आत्ता नको. सात इमाम, प्रत्येकाचे दोन रावी (त्यांचं पठण पुढे पोचवणारे), म्हणजे चौदा रिवायती. एकही पक्की नसताना सगळ्या उघडल्या तर ऐनवेळी ओठावर भलतंच येतं. आधी वर्शचा एक पूर्ण खतम (अख्खा कुरआन), मग जमा, म्हणजे अनेक रिवायती एकत्र. शातिबियाच्या (सात किरातींवरच्या पद्यग्रंथाच्या) 1173 ओळी तेव्हा पाठ करा.

उस्तादांना पहिल्याच दिवशी तरीक (रावीपासून पुढची शाखा) विचारून घ्या. शातिबियाच्या वाटेने अजरकची शाखा असेल, तर मद्द (ओढलेला स्वर) मुत्तसिल (पुढे त्याच शब्दात हमजा, म्हणजे घशातला झटका) असो की मुन्फसिल (हमजा पुढच्या शब्दात), दोन्ही सहा हरकत (मात्रा). हफ्समध्ये चार-पाचची सवय असते, त्यामुळे पहिला मद्द सहाचा आणि दम संपत आला की पुढचा चारचा, असं हमखास होतं. आयत लहान तुकड्यांत तोडा, पण मद्द कापू नका. ‘आमनू’सारख्या मद्दे बदलमध्ये (हमजा आधी, ओढ नंतर) दोन, चार, सहा तिन्ही चालतात. मात्र जो धरला तो शेवटपर्यंत.

मग नक्ल, म्हणजे हमजाचा स्वर आधीच्या अक्षराला देणं. ‘कद अफ्लहा’मधल्या हमजाचा जबर (‘अ’ स्वर) दालवर जातो आणि हमजा गळतो: ‘कदफ्लहा’. हे जमलं की लोक अनेकवचनाच्या मीमवरही नक्ल करू लागतात, आणि ते चूक. तिथे सिला (मीमला ‘ऊ’ जोडणं) आहे: ‘अलैहिमू’, पुढे हमजा असल्यामुळे सहा हरकत ओढून.

तकलील (‘आ’ किंचित ‘ए’कडे झुकवणं) ऐकून येत नाही, दुरुस्त करूनच येते. ‘बुश्रा’चा शेवट आ आणि ए यांच्या मधला, ‘ॲ’च्या जवळपास. पूर्ण ‘ए’ केलात की ती हमजा आणि किसाई या इमामांची इमाला (पूर्ण झुकाव) झाली. हफ्समध्ये इमाला एकाच ठिकाणी आहे, सूरे हूदमधलं ‘मजरेहा’. ते आणि ‘बुश्रा’ लागोपाठ म्हणून बघा, फरक कळेल. जाड लाम (‘सलात’) आणि बारीक रे (‘खैरन’) यांचे नियम वहीत वेगळे लिहा.

जुना_बुधवार
पेन्सिलीच्या खुणा नकोत. आपल्या मुसहफात कूफी मोजणीने 6236 आयती, वर्शच्या मुसहफात मदनी मोजणीने 6214. फातिहापासूनच फरक: तिथे बिस्मिल्लाह आयतीत धरत नाहीत, आणि सहावी आयत ‘अन्अम्त अलैहिम’वर संपते. त्यामुळे उस्तादांनी सांगितलेला आयत क्रमांक तुमच्याकडे जुळणार नाही.

मदीनेच्या किंग फहद कॉम्प्लेक्सने छापलेला वर्शचा मुसहफ मिळवा. मगरिबी पद्धतीत फेचा ठिपका खाली आणि काफवर एकच ठिपका, म्हणजे त्यांचा काफ आपल्याला फे दिसतो. ‘कुल’ला ‘फुल’ वाचलंत तर हसू नका, सगळ्यांचंच होतं. 😄

रंकाळा_वेस
दादा, वर्शच्या आधी मराठी जिभेकडे बघा. ‘जवळ’मधला ज थांबून फुटतो, तो ओढून धरता येत नाही. अरबी ‘जे’ (ز) दम असेपर्यंत घासत ठेवता आला पाहिजे. हीच कसोटी. जाल (ذ) आणि जोयला (ظ) जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला, ज्वादला (ض) जिभेची बाजू दाढांना. ‘वारा’ म्हणताना खालचा ओठ दातांना लागतो, अरबी वावला ओठ गोल आणि दात लांब. ‘फूल’चा फसुद्धा फे नव्हे.

ऑनलाइन असाल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर आवाज साफ करणारी सोय हे, सीनसारखे हलके आवाज खाऊन टाकते. कॅमेरा ओठांवर हवा. वक्फमधला (थांबतानाचा) इश्माम, म्हणजे ओठांचा नुसता गोल, ऐकू येत नाही, फक्त दिसतो.

शाहूपुरीकर
शुक्रिया. हुसरींचं ऐकणं मग बंदच करू? तरावीहला (रमजानच्या रात्रीच्या नमाजेला) थोडी वर्श म्हटली तर?

हमजतुल_वस्ल
ऐका, पण सबक उस्तादांसमोर बसल्यावर, आधी नाही. आणि हुसरींचा सूर उचलू नका. बयाती, हिजाज हे मकाम (अरबी राग), त्यांचा रिवायतीशी संबंध नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात हा घोळ फार होतो, सूर बदलला की लोकांना किरातच बदलली वाटते.

किरातींची मिसळ मात्र टाळा. 2:37 मध्ये बाकीचे ‘आदमु’ (पेश, म्हणजे ‘उ’ स्वर) आणि ‘कलिमातिन’ वाचतात: आदमने शब्द मिळवले. इब्ने कसीर मीमवर जबर देऊन ‘कलिमातुन’ वाचतात: शब्द आदमपर्यंत आले. एकाचं ‘आदमु’ दुसऱ्याच्या ‘कलिमातुन’ला जोडलंत तर कर्तेच दोन, कर्म नाही.

तरावीहला सध्या हफ्सच. ‘मालिकि’ऐवजी वर्शचं ‘मलिकि’ म्हटलंत की पहिल्याच रकअतीत मागून लुकमा (चूक सुधारणारी हाक) येणार. म्हणायचीच असेल तर जमातीला आधी सांगा, आणि निदान ती रकअत तरी पूर्ण वर्शमध्येच करा.